उडत्याचा दुसरा भाग

द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की आई घरात असून नसते, असं माझी मुलगी सई म्हणते. तिचं खरं आहे. जानेवारीत दिंडोरी रस्त्याला लागलं की गाडीच्या काचेतूनही हंगाम कळतो. क्रेटांनी भरलेल्या ट्रॉल्या, बागांना थंडीपासून जपायला पहाटे पेटवलेल्या शेकोट्यांचा जमिनीलगत रेंगाळलेला धूर, आणि वळणावळणावर कुणाची तरी वाट बघत उभे असलेले बागाईतदार. पॅकहाऊसचं दार ढकललं की तोच वास येतो, कात्रीने नुकत्याच कापलेल्या देठांचा हिरवा तुरट वास, आणि त्याच्यामागून कोल्ड रूमची कोरडी थंडी. दहा वर्षं मी हा वास घेते आहे. तो आला की मला आधी एका बाईचा आवाज आठवतो, आणि लगेच मागोमाग आठवतं की तो आवाज मीच बंद केला होता.

यंदा ते जरा जास्तच आठवलं, कारण गंगापूर रोडच्या कोपऱ्यावर सिनेमाचं एक भलंमोठं होर्डिंग लागलं. निळ्या पोशाखातला एक माणूस ढगांच्या वर आडवा तरंगतो आहे, खाली काचेच्या इमारती, आणि मोठ्या अक्षरांत लिहिलेलं की दुसरा भाग आला. त्याचं इंग्रजी नाव माझ्या कधीच लक्षात राहिलं नाही. पॅकहाऊसमध्ये आम्ही त्याला उडत्या म्हणायचो. नऊ वर्षांनी तो परत आला होता, चेहरा थोडा थोराड झालेला, पोशाख मात्र नवा. सिग्नल हिरवा झाला तरी मी त्याच्याकडे बघत राहिले आणि मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला.

माझं काम दोष शोधण्याचं आहे. परदेशी जाणाऱ्या द्राक्षाच्या घडात एक मणी डागाळलेला, एक चिरलेला, एक मऊ पडलेला असला तर तो पेटीत जायच्या आधी मला दिसला पाहिजे. त्यासाठीच मला ठेवलं आहे. असं काम इतकी वर्षं केलं की नजर तशीच होते. लग्नात गेले तर मला पंगतीतलं गार वरण आधी दिसतं, पाहुणे आले तर त्यांच्या शर्टाचं तुटलेलं बटण. नवरा म्हणतो, तुझ्यासमोर बसून जेवायची भीती वाटते. फक्त स्वतःचा डाग दिसायला मला फार वेळ लागला.

नऊ वर्षांपूर्वी मी या कामात नवी होते. त्या वर्षी आमच्याकडे सुरगाण्याच्या बाजूची एक टोळी आली होती, चाळीसेक बाया. डोंगरातलं भात-नागलीचं काम उरकलं की ही माणसं हंगामासाठी खाली उतरतात आणि शिमग्याला परत जातात. बाया लांबच लांब स्टीलच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहायच्या. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, अंगात पांढरा ॲप्रन, बांगड्या झाकायला मनगटापर्यंत कापडी बाही. एकीने घड उचलायचा, कात्रीच्या टोकाने खराब मणी काढायचे, पुढचीने तोलून डब्यात बसवायचा. आठ तास हेच. डोळ्यांखेरीज कुणाचं काही दिसायचं नाही, त्यामुळे कोण कोण आहे ते मी हातांवरून ओळखायचे. सगळ्यात चपळ हात भागीचे होते.

या बायांची एक पद्धत होती, ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. बुधवारी पॅकहाऊस बंद असायचं आणि नाशकात गोदाकाठी बाजार भरायचा. बाजाराला सगळ्या गेल्या तर राहायच्या शेडवरची पोरं कोण बघणार, म्हणून दोघी-तिघीच जायच्या. त्यांतल्या एकीला सिनेमाला पाठवायचं. उरलेल्या जणी तिच्या वाटणीच्या भाकरी थापायच्या, तिचं धुणं धुवायच्या, तिचं पाणी भरायच्या. आणि ती परत आली की तिने पाहिलेलं सगळ्यांना सांगायचं. त्याला त्या डोळे पाठवणं म्हणायच्या. या बुधवारी कुणाचे डोळे पाठवायचे, यावर आधीचे दोन दिवस चर्चा चालायची, आणि ती बहुतेक वेळा भागीवर येऊन थांबायची. भागीचा बाप थाळेवर कथा लावणारा होता. काशाच्या थाळीला मेणाने काडी उभी चिकटवायची, तिच्यावरून बोटं ओढत गुणगुणता सूर धरायचा आणि त्या सुरावर रात्रभर कथा चालवायची. ते काम पुरुषांचं. भागीला थाळी कुणी दिली नाही, पण जीभ बापाची मिळाली होती.

त्या बुधवारी सीबीएस बसस्टँडजवळच्या एका जुन्या टॉकीजमध्ये उडत्या लागलेला होता, हिंदीत बोलणारा. भागीचे डोळे तिथे गेले. गुरुवारी सकाळी पहिला क्रेट टेबलावर आला आणि भागीने मास्कच्या आतून सुरुवात केली.

"आटपाट शहर नव्हतं. पाडाच व्हता. आन् पाड्यावर एक पोर व्हता, लय उपाशी. एक दिस उपाशी, दोन दिस उपाशी. आयीस म्हनली, नागली संपली, आता काय नाय. पोर हलका झाला. इतका हलका, का वारा आला आन् तो गेला वर."

"वर कुठं गेला गं?" कुणीतरी विचारलं.

"उंबराच्या शेंड्याला आडकला."

बाया हसल्या, पण हात थांबले नाहीत. मी लायनीच्या मागे वजनं तपासत होते. माझेही कान तिकडेच गेले. मग उडत्याची बहीण आली. भागी तिला बहीनीस म्हणायची, जसं आईला आयीस. बहिणीने भावाला खाली ओढला आणि त्याच्या कमरेला घरातला वरवंटा बांधला, की आता बस जमिनीवर. वरवंटा गेल्यामुळे घरात चटणी वाटायची पंचाईत झाली, तेही भागीने सांगितलं. पुढे उडत्या शहरात कामाला गेला. मुकादमाने त्याला पाहिलं आणि म्हणाला, याला परांची नको, शिडी नको, याला वरच ठेवा. मग तो काचेच्या उंच इमारतींच्या काचा पुसायला लागला. खाली उतरायची वेळ झाली की मुकादम म्हणायचा, अजून एक मजला राहिला. काचेच्या आत माणसं जेवत असायची आणि त्यांना काचेबाहेरचा उडत्या दिसायचा नाही.

हे सगळं भागी एका दमात सांगत नव्हती. दिवसाला थोडंथोडं, मधूनच तोडून. घड उचलायचा, एक वाक्य. मणी काढायचे, दुसरं वाक्य. चाळीस कात्र्या तिच्या वाक्यांवर चालायच्या. संध्याकाळी शटर खाली ओढताना मला रुखरुख लागायची की आता उद्यापर्यंत थांबायचं. घरी सई तेव्हा नऊ वर्षांची. तिला तिच्या बाबांनी तोच सिनेमा दाखवला होता, आणि ती गादीवरून उड्या मारत मला विचारायची, "आई, तू पाहिलास का गं?" मी म्हणायचे, पाहिला नाही, पण मला माहीत आहे. तिने दाराला त्याचं पोस्टर लावलं. हंगामात मला घरी दहा मिनिटं धड बसायला मिळत नसे, त्यामुळे आमचं बोलणं त्याच्या पुढे कधी गेलंच नाही.

मला ते दिवस आवडत होते, हे कबूल करायला हवं. दुपारी पत्रा तापायचा, बाहेर ट्रॅक्टरचे आवाज, आत हिरव्या मण्यांचे ढीग, आणि त्यांच्यावरून चालणारा भागीचा जरा घोगरा आवाज. मी एकच पेटी तीनतीनदा तोलायचे, म्हणजे तिथून हलायला नको. बाया ते ओळखून होत्या. एकदा एकजण म्हणाली, "मॅडम, आज काटा बिघडला का?" आणि मी मास्कच्या आत हसले.

मग एक दिवस निरोप आला की परदेशातल्या खरेदीदाराचा माणूस पाहणीला येणार आहे. तो आला, तासभर फिरला, काचेपलीकडून लायनीकडे बघत उभा राहिला आणि जाताना एक कागद देऊन गेला. त्यात बाकी सगळं ठीक होतं. शेवटी एक ओळ होती की कामगार उघड्या मालासमोर बोलताना दिसले. आमचे मॅनेजर साहेब मला म्हणाले, "हे तुमच्या हातातलं आहे ना?" एवढंच म्हणाले. मी नवी होते आणि घाबरले.

आता विचार करते तेव्हा दोन सोप्या वाटा दिसतात. भागीला बाजूला घेऊन सांगता आलं असतं की हे जेवणाच्या सुट्टीत सांगा. संध्याकाळी पॅकिंग संपल्यावर दहा मिनिटं देता आली असती. मी यातलं काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कथा एका अवघड जागी होती. वादळ आलंय, उडत्याच्या कमरेचा वरवंटा पडलाय, बहीण खाली दोर धरून उभी आहे. दोर तिच्या तळहातात रुतलाय आणि तिचेही पाय जमिनीवरून सुटायला लागलेत. आता ती दोर सोडते की धरून ठेवते, इथवर भागी आली होती. मी टेबलाच्या टोकाला जाऊन उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भागीबाई, इथे हात चालवायला आलात की तोंड?"

कुणीतरी घाबरून हसलं. भागीने घड खाली ठेवला.

"उद्यापासून तुम्ही कोल्ड रूमला," मी म्हणाले. "पेट्यांवरच्या चिठ्ठ्या तपासायच्या. तिथे एकट्याचंच काम आहे."

ती शिक्षा नव्हती, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. तिचे हात चपळ होते, नजर पक्की होती, म्हणून तिकडे नेलं. पण मला माहीत होतं, तिथे ऐकायला कुणी नसतं. अंगात जाड जाकीट, पायात बूट, आणि यंत्राची घरघर. आठवड्याभरात तिचा घसा बसला. आणखी एक गोष्ट सांगायला हवी, जी मी कुणालाच सांगितली नव्हती. लायनीवर बोलणं थांबलं आणि काम बिघडलं. डागाळलेले मणी घडात तसेच राहायला लागले, देठ वेडेवाकडे कापले जायला लागले. आवाज होता तेव्हा हात एका ठेक्यात होते, तो ठेका गेला. माझ्या नजरेला हे दुसऱ्याच दिवशी दिसलं. दोष शोधणं हे माझं काम, आणि मी हा दोष अहवालात लिहिला नाही.

शिमगा आला. टोळी परत निघाली. गाठोडी, भांडी, पोरं पिकअपमध्ये चढत होती. मला ओशाळं वाटत होतं म्हणून मी हसत हसत भागीकडे गेले. "भागीबाई, शेवट राहिला की."

तिचा आवाज अजून धड फुटत नव्हता. "राहू द्या मॅडम. माझा बा सांगायचा, कथा मधी तुटली का ती ऐकनाऱ्याच्या घरी राहायला जाती. आता तुमच्या घरी राहील."

रागाने म्हणाली नाही. गावाला जाताना कुणी एखादी कुंडी शेजारी ठेवायला देतं, तसं म्हणाली. पुढच्या वर्षी टोळी आली, भागी आली नाही. त्यानंतरही कधी आली नाही. मी एकदा टोळीच्या मुकादमाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, ती आता खाली उतरत नाय.

कथा खरोखरच माझ्या घरी राहायला आली. भांडी घासताना, रेशनच्या रांगेत, सईच्या दहावीच्या परीक्षेला शाळेच्या फाटकाबाहेर बसलेले असताना ती बहीण दोर धरून उभीच असायची. सोडलं तर भाऊ जातो, धरलं तर दोघं जातात. मला वाटायचं, शेवट एकदा कळला की माझ्या मनावरचं ओझं उतरेल. सिनेमा बघून टाकणं सोपं होतं, पण मी तो बघितला नाही. टीव्हीवर लागला तर चॅनल बदलायचे. तो शेवट भागीकडून यायला हवा होता, आणि तो तिच्याकडून न येण्याला कारण मी होते.

म्हणून दुसरा भाग आला तेव्हा मीच सईला म्हणाले, चल. सई आता अठराची, कॉलेजात जाते. तिला आश्चर्य वाटलं. ऐन हंगामात आई सिनेमाला येते म्हणजे काय. मला आतून वाटत होतं की दुसऱ्या भागात पहिल्याचा शेवट आपोआप कळेल. बहीण त्याच्यासोबत असेल तर दोर धरून ठेवला असणार, नसेल तर सोडला असणार. इतका साधा हिशोब करून मी खुर्चीत बसले.

पडद्यावर उडत्याचा टोलेजंग मनोरा होता. एक नाही, तीन खलनायक होते. शहर मध्यंतराआधी एकदा कोसळलं आणि नंतर पुन्हा. मी माझ्या सवयीने घड तपासावा तसा तो तपासत होते. रंग चांगला, आकार मोठा, गोडी कमी, आणि मणी देठाला धरून नाहीत. पण खरी वाट मी बहिणीची बघत होते. आता येईल, आता येईल. मध्यंतरात सई पॉपकॉर्न घेऊन आली तेव्हाही मी पडद्याकडेच बघत होते.

पार्किंगमध्ये गाडी काढताना सई म्हणाली, "पहिल्याची सर नाही. व्हीएफएक्स भारी आहे, पण काही आत लागतच नाही. फर्स्ट पार्टच बेस्ट होता."

"आणि बहिणीचं काय केलं त्यांनी?" मी म्हणाले. मला खरंच राग आला होता. "एवढा दोर धरला तिने. दुसऱ्या भागात तिचं नावसुद्धा घेतलं नाही."

"कोणती बहीण?"

"त्याची. जिने वरवंटा बांधला."

सई माझ्याकडे बघत राहिली. "आई, तू कुठला सिनेमा म्हणतेयस?"

एकाच घरात नऊ वर्षं दोन उडते राहत होते आणि आम्हा दोघींना त्याचा पत्ता नव्हता. पुढच्या बुधवारी दुपारी सईने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि मला पहिला भाग दाखवला. त्यात पाडा नव्हता. नागली नव्हती, भूक नव्हती, आई नव्हती. एका प्रयोगशाळेत यंत्र फुटतं, लाल उजेड पसरतो आणि एका शास्त्रज्ञाचं वजन नाहीसं होतं. जमिनीवर राहायला तो लोखंडी बूट घालतो. खिशात एका मुलीचा फोटो असतो, ती त्याची बहीण नसते, आणि अर्ध्या तासात ती त्याला सोडून जाते. वादळ होतं. वादळात तो वर ओढला जातो, खाली गर्दी पळते, आणि त्या गर्दीत एक डोक्याला रुमाल बांधलेली झाडूवाली बाई लोंबकळत आलेलं दोराचं टोक पकडते. दोन सेकंद. मग कॅमेरा दुसरीकडे जातो.

"थांब," मी म्हणाले. "मागे घे."

सईने मागे घेतलं. बाई दोर पकडते, आणि नाहीशी होते. तिला नाव नाही, बोलणं नाही.

"एक्स्ट्रा असेल कुणीतरी," सई म्हणाली.

सगळ्या टॉकीजमध्ये लोक उडत्याकडे बघत असणार, आणि भागी त्या बाईकडे बघत होती. तिथून तिने सगळं उभं केलं होतं, पाडा, आयीस, चटणी, वरवंटा, मुकादम. हिंदी कळलं नाही म्हणून केलं की कळूनही केलं, ते मला सांगता येणार नाही. मला मात्र इतकी वर्षं वाटत होतं की मी एका सिनेमाची उजळणी थांबवली. पडद्यावर आहेच, ज्याला हवं तो जाऊन बघेल. तो कुठल्याच पडद्यावर नव्हता. तो फक्त एका बाईच्या घशात होता आणि त्या घशाला मी थंडीत नेऊन बसवलं. मला फार लाज वाटली. सई विचारत होती की शेवट बघायचा का, मी लॅपटॉप मिटला.

दुसरा भाग पहिल्याइतका चांगला आहे का, या प्रश्नावर सध्या सगळीकडे वाद आहे. सईच्या ग्रुपवर आहे, भाजीवाल्याच्या मुलाच्या तोंडी आहे. मला वाटतं, आमच्या बागांमध्ये हा वाद दरवर्षी असतो. चैत्रात वेल मागे कापायची खरड छाटणी, नवरात्राच्या सुमाराला फळ धरायची गोडी छाटणी, वेल तीच, माती तीच, आणि माल हातात आला की प्रत्येक बागाईतदार चव घेऊन म्हणतो, गेल्या वर्षीची गोडी नाही. मी दहा वर्षं हे वाक्य ऐकते. गेल्या वर्षी काय खाल्लं होतं ते कुणालाच नीट आठवत नसतं. आठवते ती तेव्हाची भूक. मग ज्याच्याशी ताडून बघतो तो पहिला नक्की कुठे असतो? माझा पहिला उडत्या तर प्रयोगशाळेतल्या यंत्रातून निघालेला नव्हताच.

यंदाच्या टोळीत रोशनी म्हणून एक मुलगी आहे, बारावी झालेली. तिचा पाडा कोणता ते तिच्या आधार कार्डावर वाचलं तेव्हाच मला धस्स झालं होतं. तो भागीच्या पाड्याला लागून. तरी पंधरा दिवस मी काही विचारलं नाही. लॅपटॉपवर पहिला भाग पाहिल्यानंतरच्या गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत बाया शेडच्या सावलीत डबे सोडून बसल्या होत्या, तिथे गेले आणि रोशनीच्या शेजारी टेकले. मास्क हनुवटीखाली होता.

"तुमच्या इथली भागीबाई, कशी आहे गं?"

"भागी आत्या? बरी हाय." ती जरा सावरून बसली. "पोरांना गोष्टी सांगती. आमी समदी तिच्याकडंच ऐकून मोठी झालो."

"उडत्याची सांगते?"

"हां. ती तर लय जुनी."

नऊ वर्षं जपून ठेवलेला प्रश्न मी विचारला. "ती बहीण शेवटी दोर सोडते का?"

"सोडला ना, मॅडम." तिला हे विचारण्यासारखंच वाटलं नाही. "सोडल्याबिगर दुसरा भाग कसा येईल?"

इतकं सहज उत्तर आलं. मला हलकं वाटायला हवं होतं, तसं काही वाटलं नाही. मी विचारलं, "दुसरा भागही आहे?"

"हाय की. पयल्यापेक्षा मोठा. तीन वरसं सांगतीच हाय."

"त्यात काय होतं?"

रोशनीने भाकरीचा तुकडा मोडला आणि तो खाल्ला नाही. तिने समोरच्या बाईकडे पाहिलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आजूबाजूच्या सगळ्यांचंच जेवण थांबलं आहे.

"सांग ना," मी म्हणाले.

"दुसऱ्यात पांढरी बाई हाय," रोशनी खाली बघून म्हणाली. "तिला तोंड नाय, नुसते डोळे. डोक्यावर पांढरं, अंगात पांढरं. मारीत नाय, वरडत नाय. सरळ बोलती. येऊन म्हनती, हात चालवा. मंग लोकांची बोली खाली गळून पडती, मनी गळतात तशी. ती येचती, पेटीत भरती आन् थंडीत नेऊन ठेवती. तिथं ती सडत बी नाय आन् कोनाला ऐकू बी येत नाय."

मी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांना सगळ्यांना माहीत होतं. नवी टोळी आली की बाया मला बघून गप्प होतात, आणि मला वाटायचं, ही माझी शिस्त. त्या दरवर्षी मला ओळखूनच यायच्या.

"उडत्या हरवतो का तिला?" मी विचारलं. माझा आवाज मला ऐकू आला, तो अगदी सरळ होता.

"नाय. आमीबी आत्याला तेच इचारायचो. आत्या म्हनती, वाईट असती तर लढला असता. ती वाईट नाय. तिला वाटतं ती काम करती."

"मग शेवट?"

"शेवट नाय अजून. पोरं दरसाल इचारतात. ती म्हनती, कसा येईल, ती बाई अजून तिथंच हाय ना."

सईला मी अजून हे सांगितलेलं नाही. सांगेन तेव्हा एवढंच म्हणेन की दुसरा भाग पहिल्यापेक्षा चांगला आहे. पहिल्यात बहीण होती, भाऊ होता, वारा होता, आणि वाईट कोण ते नीट कळत नव्हतं. दुसऱ्यात कळतं. आणि भागीने त्या बाईला शिंगं दिली नाहीत, तिला मारून टाकलं नाही, तिला जशी आहे तशी उभी केली. मी फार शोधलं, पण मला त्यात कुठे दोष काढता आला नाही.

त्या दुपारी जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा झाली. बायांनी डबे बंद केले, हात धुतले, टोप्या नीट केल्या आणि टेबलाला लागल्या. क्रेट आले. मी लायनीच्या मागे उभी राहिले. बराच वेळ माझं धाडस होत नव्हतं. मग मी मास्क खाली ओढला, त्यांना माझं तोंड दिसेल असा, आणि म्हणाले, "थोडं बोललात तरी चालेल. रोशनी, तू सांग. मी बघते काय ते."

रोशनीने घड उचलला, एक मणी काढला, दुसरा काढला. कुणी मान वर केली नाही. चाळीस कात्र्यांचा आवाज तेवढा येत राहिला.